वेदनाशमनाचे यंत्र घरी नेताना

ऊसपट्ट्यातील एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीचा व्यवसाय करणाऱ्याकडे जी माणसे येतात, त्यांची दुखणी बहुधा त्यांच्या श्रमातूनच निपजलेली असतात. पहाटेच्या काळोखात फडात उतरून वाकल्या अंगाने कोयता चालविणाऱ्या आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या बाईची कंबर, खाचखळग्यांच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे एस.टी. हाकणाऱ्या चालकाची मान, पाटणच्या खोऱ्यात चिखलात उभ्याने भाताची लावणी करीत आयुष्य गेलेल्या म्हातारीचे गुडघे, शिलाईयंत्रावर ओणवे बसून झिजलेल्या शिंप्याचा खांदा, अशी ही श्रमाची बारनिशी माझ्या टेबलावर दररोज उघडली जाते. ह्या सर्वांची पहिली मागणी एकच असते, आणि ती रास्त असते: दुखणे आज कमी करा, उद्या कामावर रुजू व्हावयाचे आहे.

ह्या मागणीला उत्तर म्हणून आमच्या पेशात जी साधने वापरली जातात, त्यांपैकी टेन्स नावाचे एक साधन गेल्या काही वर्षांत दवाखान्याचा उंबरठा ओलांडून थेट लोकांच्या घरांत गेले आहे. पंज्यात मावणारी एक डबी, आत एक सेल, दोन किंवा चार तारा आणि त्यांच्या टोकांना त्वचेवर चिकटवावयाची पॅड, एवढाच त्याचा पसारा. त्वचेवाटे मज्जातंतूंना विजेचे अत्यंत आखूड स्पंद द्यावयाचे आणि त्यायोगे वेदनेची जाणीव मंद करावयाची, हे त्याचे कार्य. पुण्या-मुंबईला असलेली मुले गावाकडच्या आईवडिलांसाठी ते मागवितात, शेजारी शेजाऱ्याला उसने देतो, औषधांच्या दुकानातही ते मिळते. ह्या यंत्राविषयी माझे मत अनुकूल आहे, हे आरंभीच नमूद करते; कारण पुढे मी ज्या मर्यादा आणि खबरदाऱ्या सांगणार आहे, त्या ऐकून कोणी ते माळ्यावर टाकून द्यावे अशी माझी मुळीच इच्छा नाही.

विजेने वेदना शमते हे मनुष्यजातीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य होता. त्याने वातरक्ताने पाय ठणकणाऱ्या रुग्णाला समुद्राच्या ओल्या किनाऱ्यावर जिवंत विद्युत्-माशावर पाय ठेवून, ते बधिर होईपर्यंत उभे राहण्याचा इलाज लिहून ठेवला आहे. परंतु असे का घडते ह्याचा समाधानकारक उलगडा होण्यास १९६५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि इंग्रज शास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल ह्यांनी असा सिद्धान्त मांडला, की मज्जारज्जूत वेदनेच्या मार्गावर जणू एक फाटक असते आणि स्पर्शाचे संदेश वाहणारे जाड तंतू पुरेसे जागे झाले, की ते फाटक वेदनेच्या संदेशांना बरेचसे बंद होते. पडलेल्या लेकराचा गुडघा आई तळहाताने चोळते आणि त्याचे रडणे ओसरते, त्यात हेच घडते. दोन वर्षांनी वॉल ह्यांनी बॉस्टनचे मेंदूशल्यविशारद विल्यम स्वीट ह्यांच्यासह ह्या सिद्धान्ताची प्रत्यक्ष परीक्षा केली. तीव्र आणि जुनाट वेदना असलेल्या ८ रुग्णांच्या संवेदक मज्जातंतूंना त्यांनी सेकंदाला १०० ह्या गतीने विजेचे स्पंद दिले. प्रवाह चालू असेतो एरवी हात लावू न देणाऱ्या जागा दाबल्या तरी दुखेनात, आणि ज्या चौघांना मज्जातंतूंचाच विकार होता, त्यांना केवळ २ मिनिटांच्या स्पंदनाने अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम वाटला. आजही घरोघरच्या डबीवर जी गती आम्ही प्रथम लावून देतो, ती ८० ते १२० ह्याच पट्ट्यातील असते.

दुसरी एक रीत आहे. तीत सेकंदाला २ ते ४ इतकेच स्पंद, परंतु अधिक जोराने दिले जातात आणि स्नायू ठेक्यात उडताना दिसतो. ह्या रीतीने शरीरातील अफूसदृश द्रव्ये अधिक प्रमाणात कामास येतात, असे संशोधकांचे मत आहे. आराम सावकाश येतो, पण काहीसा अधिक टिकतो. ज्याला पुष्कळ दुखत आहे आणि जो प्रथमच यंत्र लावीत आहे, त्याला मी पहिलीच रीत शिकविते. कारण तीत केवळ झिणझिण्या जाणवतात आणि भीतीचे कारण उरत नाही. ही भीती खरी असते. ज्या घरात ओल्या हाताने पंपाच्या पेटीला शिवून कोणी दगावल्याची आठवण आहे, त्या घरातील वृद्धेला ‘करंट लावते’ म्हटल्यावर तिचा चेहरा उतरणे स्वाभाविक आहे. एका आजींनी माझा हात घट्ट धरून विचारले होते, “पोरी, ह्यो करंट लागून मरायची तर न्हाई नव्हं मी?” मी पॅड आधी माझ्या मनगटाजवळ लावून दाखविले, डबी त्यांच्याच हाती दिली आणि बटण त्यांनाच फिरवू दिले. भिंतीतील विजेशी ह्या डबीचा वापराच्या वेळी काही संबंध नसतो, हे त्यांना डोळ्यांनी दिसले. चार्जिंगवर चालणारी यंत्रे आता पुष्कळ आहेत. ती भिंतीला जोडलेली असताना अंगावर लावू नयेत, ही माझी पहिली ताकीद त्या अनुभवातूनच आली आहे.

आराम किती मिळतो, ह्याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये, अशी शिफारस इंग्लंडच्या ‘नाइस’ ह्या संस्थेने २०१६ साली केली. उलट २०२२ साली ३८१ चाचण्यांचा एकत्र विचार करणारे एक मोठे परीक्षण प्रसिद्ध झाले. त्याचा निष्कर्ष असा, की यंत्र चालू असताना आणि ते काढल्यावर लगेचच्या काळात वेदनेची तीव्रता खोट्या यंत्राच्या तुलनेने खरोखर कमी होते. ह्या दोन गोष्टींत मला फारसा विरोध वाटत नाही. ‘चालू असताना आणि लगेच नंतर’ ह्या शब्दांतच यंत्राची सत्ता आणि तिची मुदत, दोन्ही आली. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही, सरकलेली चकती जागेवर जात नाही, सूज उतरत नाही. ते वेदनेपासून थोडा अवकाश मिळवून देते, आणि माझ्या अनुभवाने सांगते, की त्या अवकाशाचे माणूस काय करतो ह्यावरच पुढील सारे अवलंबून असते.

सुरक्षिततेचा विचार करताना लोकांचे लक्ष विजेकडे जाते; माझे लक्ष प्रथम दुखण्याकडे जाते. माझ्याकडे एक तरुण शेतकरी आला होता. पाठीच्या मध्यभागी काही महिन्यांपासून दुखत होते, भावाने यंत्र आणून दिले होते, ते लावले की बरे वाटे, म्हणून तो सकाळ-संध्याकाळ ते लावून कामाला जात होता आणि आता पॅड कोठे लावली म्हणजे अधिक गुण येईल, एवढेच विचारण्यास तो आला होता. कैफियत विचारता विचारता कळले, की दुखणे विश्रांतीने कमी होत नाही, रात्री वाढते, संध्याकाळी अंग कसकसते आणि कपडे सैल होऊ लागले आहेत. मी यंत्र बाजूला ठेवविले आणि त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी देऊन धाडले; तपासणीत पाठीच्या कण्याचा क्षय निघाला. औषधांनी तो बरा झाला. यंत्राने त्याचा रोग वाढविला असे नव्हे, पण रोगाची हाक मात्र त्याने दाबून ठेविली होती. म्हणून ज्या दुखण्याचे कारण कोणी तपासलेले नाही, त्यावर घरच्या घरी टेन्स लावणे मला मान्य नाही. रात्री झोपेतून उठविणारी वेदना, ताप, वजन घटणे, पायातली शक्ती जाणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, छातीत दुखून घाम येणे, ह्यांपैकी काही असेल तर त्या माणसाने यंत्राच्या नव्हे, डॉक्टरांच्या दारी जावे, आणि शेवटच्या दोहोंत तर क्षणाचाही विलंब लावू नये.

दुसरी परीक्षा त्वचेची. मधुमेह आपल्याकडे घरोघर आहे, आणि पुष्कळ वर्षांच्या मधुमेहाने तळपायांची जाणीव हळूहळू नाहीशी होते, हे रुग्णाच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. एक निवृत्त शिक्षक पायांची आग होते म्हणून यंत्र विकत घेऊन आले. मी त्यांना डोळे मिटावयास सांगून कापसाचा बोळा आणि बोथट टोक आळीपाळीने लावले, मग गरम आणि गार पाण्याच्या नळ्या टेकविल्या. घोट्याच्या खाली त्यांना ह्यांतला भेद सांगता येईना. अशा पायावर पॅड लावले, तर करंट किती झाला हे सांगणारा साक्षीदारच नसतो. काही जाणवत नाही म्हणून माणूस बटण पुढे पुढे नेतो, आणि त्वचा भाजली तरी त्याला पत्ता लागत नाही. त्या गृहस्थांना मी यंत्र पायाला लावू दिले नाही; पायांची रोज पाहणी कशी करावी, चपला कशा असाव्यात, साखरेचे प्रमाण कोणाकडून तपासून घ्यावे, ह्यातच ती संपूर्ण भेट गेली. ते थोडे नाराज झाले, हेही खरे. पण ही कापसाची आणि टोकाची परीक्षा घरातील कोणालाही शिकता येते, आणि यंत्र प्रथम लावण्यापूर्वी ती झालीच पाहिजे असा माझा आग्रह आहे.

नागीण उठून गेल्यावर मागे राहणाऱ्या आगीची गोष्ट ह्याच्या उलट असते. तेथे सदऱ्याचा स्पर्शही सहन होत नाही, मग त्या जागी पॅड चिकटविणे तर शिक्षाच. तेव्हा दुखऱ्या पट्ट्याच्या कडेला, जेथे स्पर्श साधा वाटतो अशा निकोप त्वचेवर पॅड लावून पाहावे लागते. हे काम छापील चित्र पाहून होत नाही.

आता जेथे यंत्र लावूच नये अशी माणसे आणि अशा जागा. छातीत पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारे यंत्र बसविलेल्या माणसाने टेन्स स्वतःच्या अधिकारात कधीही वापरू नये. हृदयरोगतज्ज्ञाने लेखी संमती दिली तरच आणि तीही देखरेखीखाली. एकदा एका सुनेने मला फोन करून विचारले, “मॅडम, शेजारच्या काकूंनी मशीन दिली आहे, मामंजींच्या खांद्याला लावू का?” मामंजींच्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर होता. तिने विचारले, ह्याबद्दल मी तिचे आजही आभार मानते. उसन्या यंत्राबरोबर वापरणाऱ्याचा इतिहास उसना मिळत नाही. मानेच्या पुढच्या बाजूस पॅड लावू नयेत, कारण तेथे रक्तदाबाचे नियमन करणारी नाजूक जागा आणि घशाचे स्नायू आहेत. डोळ्यांवर, तोंडात, फुटलेल्या वा चिघळलेल्या त्वचेवर, कर्करोगाच्या गाठीवर लावू नयेत. छातीच्या दोन बाजूंना, म्हणजे प्रवाह हृदयातून आरपार जाईल अशा रीतीने, लावू नयेत. अपस्माराच्या रुग्णाने डोक्या-मानेजवळ वापरू नये. गरोदरपणी पोटावर आणि कंबरेवर प्रसूतितज्ज्ञांच्या अनुमतीवाचून वापरू नये. महाविद्यालयीन मुलींना पाळीच्या वेदनांत ह्या यंत्राने चांगला आराम पडतो, गोळ्यांचे प्रमाणही घटते, हे मी पाहिले आहे; मात्र ती वेदना दर पाळीला वाढत चालली असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाने एकदा पाहिले पाहिजे. पोटरी एकाएकी सुजून गरम झाली आणि दुखू लागली, तर तेथे आत रक्ताची गुठळी असू शकते. तेथे यंत्र नको आणि चोळणेही नको. मोडलेल्या हाडात रॉड वा पट्टी आहे म्हणून घाबरणारे पुष्कळ असतात. टेन्सला त्याचा सहसा अडथळा होत नाही, तरी शस्त्रक्रिया करणाऱ्याला विचारून घ्यावे.

प्रत्यक्ष लावण्याच्या कृतीत आपल्याकडे सर्वांत मोठा घोळ तेलाने आणि बामने होतो. दुखऱ्या जागी रात्री तेल चोळलेले असते, सकाळी वरून बाम लावलेला असतो, आणि त्यावरच पॅड दाबले जाते. तेलाच्या थराने पॅड सर्वत्र सारखे टेकत नाही, मग सारा प्रवाह जेथे टेकले आहे तेवढ्याच टिकलीएवढ्या जागेतून आत शिरतो आणि डंख मारल्यासारखे वाटते. बामने आधीच लाल झालेली त्वचा तर अधिकच भाजून निघते. साबणाने जागा धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करावी. केस दाट असतील तर कात्रीने कमी करावेत. वस्तऱ्याने काढू नयेत; ताजे काढलेल्या जागी बारीक चिरा असतात. दोन पॅडांत निदान २-३ सेंटिमीटर अंतर असावे. ती एकमेकांना शिवू नयेत. पॅडे वाळली, कडा उचलल्या, धूळ बसली, की बदलावीत. दोन माणसांत ती वाटून वापरू नयेत.

डबी बंद असतानाच पॅड आणि तारा लावाव्यात, मग ती चालू करून करंट शून्यापासून हळूहळू वाढवावा. ठळक पण सुखावह झिणझिण्या येतील, तेथे थांबावे. काही मिनिटांनी त्या फिक्या वाटू लागतात. तेव्हा किंचित वाढवावा. फारच मंद ठेवला तर गुण येत नाही, आणि सोसवत नाही इतका वाढविला तर स्नायू आवळून दुखणे दुप्पट होते. ह्यातून ऊब मिळत नाही. ऊब येईल ह्या समजुतीने करंट चढवीत बसलेले रुग्ण मी पाहिले आहेत. अर्धा ते पाऊण तास पुरे. संपल्यावर आधी करंट शून्यावर आणावा, डबी बंद करावी, मगच पॅड सोडवावीत, आणि खालची त्वचा उजेडात पाहावी. फिकट लाली थोड्या वेळात जाते. पुरळ उठले, खाज सुटली किंवा फोड आला, तर तेथे पुन्हा लावू नये. झोपताना, स्नानाच्या वेळी, गाडी चालविताना किंवा उसाच्या चरकाजवळ काम करताना यंत्र अंगावर नसावे.

आता मूळ मुद्द्याकडे, यंत्राने मिळालेल्या अवकाशाचे काय करावे ह्याकडे, येते. ज्या आजींनी मरणाचा प्रश्न विचारला, त्यांच्या गुडघ्याभोवती दोन पॅड वर आणि दोन खाली लावून आम्ही आरंभ केला. पंधरा-वीस मिनिटांत ठणका ओसरला, तसे मी यंत्र चालूच ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेविली आणि मांडीचा स्नायू आवळून गुंडाळी खाली दाबावयास सांगितले. एरवी त्या ह्याच व्यायामाला ‘नगं बाई’ म्हणत असत. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणे, मग अंगणात चालणे, असे त्यांच्या नातीच्या देखरेखीखाली घरी चालू झाले. काही आठवड्यांनी त्या पायरी उतरून देवळात जाऊ लागल्या आणि यंत्राची आठवण त्यांना पावसाळी गारठ्यातच होऊ लागली. माझ्याकडील ज्या रुग्णांनी यंत्र लावून नुसते पडून राहणे पसंत केले, त्यांची ही प्रगती मी पाहिली नाही. फायब्रोमायल्जिया झालेल्या स्त्रियांवरील, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टेन्स कामाधामात असतानाच वापरावयास सांगितले होते, आणि चार आठवड्यांनी हालचालीच्या वेळची त्यांची वेदना कमी झाल्याचे आढळले. हे वाचून मला समाधान वाटले. कारण विश्रांतीतील वेदनेहून हालचालीतील वेदनाच कष्टकरी माणसाची वाट अडवीत असते.

दररोज त्याच गतीने आणि त्याच जोराने लावीत राहिल्यास शरीराला यंत्राची सवय होते आणि गुण उतरतो. म्हणून गती अधूनमधून बदलावी, मध्ये खाडे करावेत, आणि तीन-चार आठवडे नीट वापरूनही फरक नसेल, तर ते परत कपाटात ठेवून दुसरा उपाय विचारावा.

हे सारे सांगितले ते घरातील एका तरी माणसाने शिकून घ्यावे, म्हणून. यंत्राबरोबर येणारे माहितीपत्रक बारीक इंग्रजी अक्षरांत असते. ज्यांच्या अंगावर ते लावावयाचे, त्यांना ते वाचता येत नाही आणि पुष्कळदा वाचू शकणारे मूल दूर शहरात असते. ही यंत्रे बनविणाऱ्या, आणणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे, की डब्यात मोठ्या अक्षरांतील मराठीचे एक पान घाला. त्याच्या पहिल्या ओळीत पेसमेकर, दुसऱ्या ओळीत गरोदरपण, तिसऱ्या ओळीत बधिर त्वचा आणि चौथ्या ओळीत कारण न कळलेले दुखणे, एवढे लिहा. आणि आईवडिलांसाठी यंत्र धाडणाऱ्या मुलामुलींना सांगणे असे, की ते अंगावर लावण्याआधी त्यांना ते घेऊन जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे एकदा पाठवा, आणि शक्य झाले तर सोबत स्वतः जा.